आधी पंप रूममध्ये उतरा
सौर व्यावसायिकांना एक खुले पत्र

प्रति,
गृहनिर्माण संस्थांना सौर यंत्रणा बसवून देणारे सर्व व्यावसायिक,
महाराष्ट्र



पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीत पाणी, वीज आणि पोहण्याचा तलाव ही कामे माझ्याकडे आहेत. तलावाचा सध्याचा पंप सौर विजेवर न्यायचा, असे आमच्या वार्षिक सभेत ठरले. त्यानंतर आपल्यापैकी अनेकांशी बोलणे झाले, कोटेशने आली, आपल्या प्रतिनिधींनी वेळ काढून जागा पाहिली. या सगळ्यात मनात जे साचत गेले, ते एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सर्वांसमोर मांडावे असे वाटले. आसपासच्या संस्थांमध्ये माझ्यासारखेच काम करणारे लोक भेटतात, तेव्हा त्यांचाही अनुभव हाच निघतो. म्हणून या पत्रात कोणत्याही कंपनीचे नाव घेतलेले नाही. तक्रार आहे ती कामाच्या पद्धतीविषयी.

आपले लोक आले की थेट लिफ्टकडे वळतात. गच्चीवर टेप लावतात, पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली यांच्या सावल्या पाहतात, दक्षिण कुठे आहे ते मोबाइलवर बघतात, फोटो काढतात. हे सगळे हवेच. पण ज्या यंत्रासाठी ही धावपळ चालली आहे ते तळघरात आहे आणि तिथे कोणी उतरत नाही. गच्चीवरूनच विचारणा होते, "पंप किती एचपीचा?" मी म्हणतो, "तीन." "मग पाच किलोवॉट धरू. पुढचा विचार करायचा असेल तर दहा." लगेच कोटेशन येते. त्यात पॅनेलचे वॉट, इन्व्हर्टरचा ब्रँड, स्ट्रक्चरची उंची, 25 वर्षांची हमी असे सगळे असते. पंपाचा उल्लेख एका ओळीत असतो आणि त्या ओळीत मी तोंडी सांगितलेला आकडाच लिहिलेला असतो.

माझे पहिले आणि सगळ्यांत मोठे मागणे एवढेच आहे, की आधी पंप रूममध्ये उतरा.

तिथे काय दिसते ते सांगतो. पायऱ्या उतरताच क्लोरीनचा वास नाकात जातो. भिंतीलगत पंप आहे. त्याच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाची स्ट्रेनर बास्केट, तिच्यात अडकलेले केस आणि पाने. पुढे वाळूचा फिल्टर, त्याच्या डोक्यावर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह आणि शेजारी प्रेशर गेज. फिल्टरमधून तलावाकडे परत जाणाऱ्या पाइपावर आणखी एक व्हॉल्व्ह आहे आणि त्याचा दांडा कायम अर्धवट मिटलेला असतो. आमचा पूल ऑपरेटर तो मुद्दाम तसा ठेवतो. पूर्ण उघडला तर वाळूतून पाणी इतक्या जोराने जाते की बारीक घाण अडकतच नाही, मोटरचे अँपिअर चढतात आणि तलावातल्या नोझलसमोर लहान मुलांना उभे राहवत नाही.

तो अर्धा मिटलेला व्हॉल्व्ह पाहिला असता, तर पाच किलोवॉटचे कोटेशन आपल्या हातून लिहिले गेले नसते. त्याचा अर्थ असा, की पंप गरजेपेक्षा मोठा आहे. बिल्डरने इमारत बांधताना "कमी पडायला नको" म्हणून तो बसवला. आज आम्ही पूर्ण वीज विकत घेतो, तिच्यातून दाब तयार करतो आणि तो दाब त्या व्हॉल्व्हवर वाया घालवतो. या पंपाला आहे तसाच ठेवून वर पॅनेल लावली, तर वाया जाणारी वीज फक्त सौर होईल. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक संस्थांमध्ये हा व्हॉल्व्ह असाच मिटलेला आहे. बिल्डरांना वेगळे पत्र लिहायला हवे, पण ते पुन्हा कधीतरी.

आपल्यापैकी अनेकांचा अनुभव शेतीपंपांतून आला आहे आणि तो मोलाचा आहे. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेतून तीन, पाच आणि साडेसात एचपीचे पंप शेतकऱ्यांना मिळत आहेत. 2019 साली सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेचा तर एक घटकच विजेवर चालणाऱ्या जुन्या कृषी पंपांना सौर वीज जोडण्यासाठी आहे. "असलेला पंप सौरवर नेणे" हे काम आपल्याला नवीन नाही. पण विहिरीचा पंप आणि तलावाचा पंप यांच्या कामात मुळातच फरक आहे आणि आपल्या कोटेशनमध्ये तो कुठेच दिसत नाही.

विहिरीतला पंप पाणी उचलतो. पाणी शंभर फूट खाली असेल, तर तेवढे चढवण्याइतका जोर येईपर्यंत पंप फिरत राहिला तरी पाइपातून थेंब पडत नाही. म्हणून सकाळी तिरप्या उन्हात शेतकऱ्याला वाट बघावी लागते, ढग आला की धार तुटते, आणि म्हणूनच तिथे पॅनेल सढळ हाताने लावणे बरोबर ठरते. तलावाच्या पंपाला पाणी वर चढवायचे नसते. तलावातून घेतलेले पाणी फिल्टरमधून फिरून त्याच तलावात, त्याच पातळीला परत येते. पंपाला झगडावे लागते ते पाइप, कोपरे आणि वाळू यांच्या घर्षणाशी, आणि घर्षण पाण्याच्या वेगावर अवलंबून असते. पाणी सावकाश नेले की ते झपाट्याने उतरते.

हे गणित आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तरी समितीतल्या इतर वाचकांसाठी मांडतो. अशा बंद फेऱ्यात पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मे येते, दाब चौथाई होतो आणि लागणारी शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. तेवढेच पाणी फिरवायला वेळ दुप्पट लागेल हे खरे, पण दुप्पट वेळ धरूनही वीज चौथाईच लागते. मोटर आणि तिचा वेग बदलणारी ड्राइव्ह यांच्यात वाया जाणारी वीज धरली तर प्रत्यक्षातला फायदा याहून कमी होतो. तरीही तो इतका मोठा उरतो, की त्याच्याबद्दल न बोलता पॅनेल विकणे मला योग्य वाटत नाही.

आमच्याच तलावाचे उदाहरण घ्या. लांबी 15 मीटर, रुंदी 7 मीटर, सरासरी खोली 1.2 मीटर, म्हणजे सुमारे 1 लाख 26 हजार लिटर पाणी. तीन एचपीचा पंप तासाला साधारण 30 हजार लिटर पाणी फिरवतो आणि अडीच युनिटांहून थोडी जास्त वीज घेतो. दिवसाला आठ तास चालला की 21 युनिट जातात आणि तलावातले पाणी जवळजवळ दोनदा गाळून निघते. आता याच पंपाला वेग बदलणारी ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, लावून तो दोन तृतीयांश वेगाने चालवला आणि तो मिटलेला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तर तासाला सुमारे 20 हजार लिटर पाणी मिळेल आणि बारा तासांत पहिल्याइतकेच पाणी फिरेल. कागदावर शक्ती तीस टक्क्यांच्या आत येते. वाया जाणारी वीज धरून मी तासाला 0.9 युनिट धरतो. दिवसाला अकरा युनिटांच्या आत काम होते. आपल्याकडे एक किलोवॉट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते. 21 युनिटांसाठी पाच किलोवॉटहून जास्त पॅनेल लागतील. अकरासाठी तीन किलोवॉट पुरतील.

उरलेल्या दोन किलोवॉटचे पैसे संस्थेचे आहेत, हे मला आपल्या लक्षात आणून द्यायचे आहे. आपला व्यवसाय किलोवॉटवर चालतो, त्यामुळे किलोवॉट कमी करण्याचा सल्ला आपणच द्यावा ही अपेक्षा कठीण आहे, हे मला समजते. पण डॉक्टरकडे गेलेला माणूस गोळ्यांच्या संख्येवरून डॉक्टरची योग्यता ठरवत नाही. तपासून, मोजून, "तुम्हाला इतकेच पुरे" असे सांगणाऱ्या व्यावसायिकाला आमची संस्था लिफ्टचे, पाण्याच्या पंपांचे आणि जिन्यातल्या दिव्यांचे कामही देईल.

वेग कमी करण्याच्या मर्यादाही आहेत आणि त्या आपण आम्हाला सांगायला हव्यात. वाळू धुण्यासाठी बॅकवॉश करताना पाणी उलटे आणि जोरात जावे लागते. मंद वेगाने बॅकवॉश केला तर वाळू उचलली जात नाही, आतली घाण आतच राहते आणि काही दिवसांनी फिल्टरचा दाब चढतो. काचेच्या छोट्या खिडकीत बॅकवॉशचे पाणी आधी चहासारखे दिसते आणि हळूहळू निवळते, ते पूर्ण वेगातच. व्हॅक्यूमने तळाचा गाळ ओढायलाही जोर लागतो. पृष्ठभागावरची पाने आणि तेलकटपणा स्किमरमध्ये खेचायचा तर दिवसातला काही वेळ वेग वाढवावा लागतो. काठावरून पाणी सांडणारा ओव्हरफ्लो पद्धतीचा तलाव असेल, तर पाणी खालच्या बॅलन्सिंग टाकीतून पुन्हा वर चढवावे लागते. तिथे थोडी उचल आलीच, आणि वर सांगितलेले गणित तितके उदार राहत नाही. अशा तलावाला वेगळा सल्ला हवा. आम्हाला मात्र ज्या तलावांविषयी कळले, त्या सगळ्यांना कोटेशन एकाच साच्यातले गेले होते.

दिवसाच्या वेळापत्रकाकडेही आपण पाहत नाही. आमच्याकडे गरजेनुसार रात्री तुरटी टाकून पाणी स्थिर ठेवतात. पहाटे, पोहणारे यायच्या आत, तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने ओढला जातो आणि मग बॅकवॉश होतो. पंपाला पूर्ण जोर लागतो तो याच वेळी, आणि त्या वेळी सूर्य उगवलेला नसतो. निव्वळ पॅनेलवर चालणारा पंप घ्या, वीजबिल शून्य होईल, असे ज्यांनी आम्हाला सांगितले त्यांनी पहाटेच्या या कामाबद्दल विचारलेही नव्हते. बॅटरी सुचवणारेही भेटले. बॅटरीची इथे गरज नाही. पहाटेच्या तासाभराच्या कामाला महावितरणची वीज पुरेशी आहे.

उरलेल्या दिवसापुरता तलाव आणि सूर्य यांचा मेळ इतका चांगला आहे, की असे काम शोधून सापडणार नाही. क्लोरीन उन्हातल्या अतिनील किरणांनी नष्ट होतो, शेवाळ उन्हात वाढते आणि पोहणारे दिवसाच येतात. म्हणजे गाळणीची आणि क्लोरीन सगळीकडे पोहोचवण्याची गरज ज्या तासांत सर्वाधिक, त्याच तासांत पॅनेल वीज देतात. सकाळी अकराला ढग आला आणि पंप दहा मिनिटे मंदावला, तर सव्वा लाख लिटर पाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन भरपूर असते आणि सुट्टीमुळे तलावात गर्दीही भरपूर. पावसाळ्यात वीज घटते, तेव्हा पोहणारेही घटतात. फक्त पावसाचे पाणी मिसळून क्लोरीन पातळ होतो आणि पाणी हिरवे पडायला वेळ लागत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर गाळणी पूर्ण थांबवता येत नाही. हे सगळे आपल्या माहितीपत्रकात यायला हवे. त्याऐवजी तिथे हिरव्या पानांची चित्रे आणि किती झाडे वाचतील याचा हिशेब असतो.

आता मोटरबद्दल. एका शेजारच्या संस्थेत लहान मुलांच्या तलावाचा सिंगल फेज पंप होता. सौर काम करणाऱ्या माणसाने तो तसाच सौर ड्राइव्हवर घेतला. मोटर घुमायला लागली, तापली, कपॅसिटर फुगला आणि काही दिवसांत वाइंडिंग जळाले. कपॅसिटरवर चालणारी सिंगल फेज मोटर नेहमीच्या व्हीएफडीवर चालवायची नसते, ही इलेक्ट्रिशियनच्या शिक्षणातली प्राथमिक गोष्ट आहे. तिथे मोटर बदलून थ्री फेज घ्यावी लागते, किंवा सरळ ब्रशलेस डीसी पंप बसवावा लागतो. नेमप्लेट वाचली असती तर त्या संस्थेचा पंप वाचला असता.

आमच्याकडची मोटर थ्री फेज आहे, पण तिथेही एक अडचण कोणी सांगितली नाही. 415 व्होल्टच्या मोटरला पॅनेलवरून थेट पूर्ण वेगाने फिरवायचे, तर ड्राइव्हला सुमारे 590 व्होल्ट डीसी लागतो. 540 वॉटचे पॅनेल काम करताना 41 व्होल्टच्या आसपास देते आणि मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर त्याहून कमी. म्हणजे एका स्ट्रिंगमध्ये चौदा ते सोळा पॅनेल लागतील, साडेसात ते साडेआठ किलोवॉट, तेही तीन एचपीच्या पंपासाठी. व्होल्टेज वाढवून देणारी ड्राइव्ह घेणे, नेमप्लेटवर सोय असेल तर मोटर डेल्टामध्ये 240 व्होल्टवर जोडून घेणे, किंवा कमी व्होल्टेजचा डीसी पंप बसवणे, असे मार्ग आहेत. प्रत्येकाचा खर्च आणि आयुष्य वेगळे आहे. हे पर्याय शेजारी शेजारी मांडलेला कागद मी मागतो आहे आणि तो मला अजून मिळालेला नाही.

बहुतेक संस्थांना सोपा मार्ग नेट मीटरचा आहे, हे माझे मत झाले आहे. गच्चीवरची यंत्रणा सामायिक मीटरला जोडायची, पंपावर साधी व्हीएफडी बसवायची आणि दोन्हींचा एकमेकांशी थेट संबंध ठेवायचा नाही. पहाटेचा व्हॅक्यूमही चालतो आणि दुपारची जास्तीची वीज लिफ्टला किंवा ग्रिडला जाते. आपल्यातले जाणकारही हेच सांगतात. मात्र हे सांगताना "लोडशेडिंगची चिंता मिटली" असे वाक्य जोडू नका. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेली की बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून तो तसा बनवलेला असतो आणि ते योग्यच आहे. पण मग भर उन्हात वीज गेली की पॅनेल असूनही पंप थांबणार, हे सभासदांना आधी कळले पाहिजे. ते ऐनवेळी कळते, आणि तेव्हा शिव्या समितीला बसतात.

सुरक्षिततेविषयी मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते आणि आपल्या कोटेशनमध्ये याच विषयाला सगळ्यांत कमी जागा असते. तलावाच्या काठावर ओल्या अंगाने, अनवाणी मुले फिरतात. पंपाच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळताच वीज तोडणारा स्विच, असतोच, पण ड्राइव्ह आल्यावर गळणाऱ्या प्रवाहाचे रूप बदलते. साध्या एसी प्रकारच्या आरसीसीबीला सरळ डीसी गळती ओळखता येत नाही. उलट ड्राइव्हच्या फिल्टरमुळे तो कधी कारण नसताना पडत राहतो. मग कोणीतरी कंटाळून तो काढून टाकतो. हे मी एका पंप रूममध्ये डोळ्यांनी पाहिले आहे. आरसीसीबीच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा जोडलेला होता आणि वरच्या बाजूला मुले पाण्यात होती. ड्राइव्हला साजेसा आरसीसीबी कोणता, अर्थिंग कुठे, तलावाची शिडी आणि धातूचे कठडे अर्थला जोडलेले आहेत का, याची उत्तरे आपल्या इलेक्ट्रिशियनने सही करून द्यावीत.

ड्राइव्ह आणि इन्व्हर्टर कुठे बसवायचे, हेही आपण ठरवता. पंप रूममध्ये क्लोरीनचे ड्रम आणि आम्लाचे कॅन असतात. त्यांच्या वाफेने पंख्याच्या जाळीलाही गंज चढतो. इलेक्ट्रॉनिक कार्ड तिथे एक पावसाळा तग धरेल, दुसऱ्याची खात्री नाही. दमट हवेत तांब्याचे टर्मिनल हिरवे पडतात आणि मग कंपनी "रसायनांमुळे बिघाड" असे लिहून हमी नाकारते. ड्राइव्ह बाहेरच्या कोरड्या भिंतीवर बंद पेटीत बसवा. कोकणात आणि गोव्यात काम करणाऱ्यांना खाऱ्या हवेचा त्रास याशिवाय सोसावा लागतो. तिथे स्ट्रक्चरवरच्या गॅल्व्हनायझिंगची जाडी कागदावर लिहून मिळालीच पाहिजे. आणि गच्चीपासून तळघरापर्यंत डीसी केबल खाली आणणार असाल, तर ती कोणत्या डक्टमधून येणार, तिला तोडणारा डीसी स्विच वर आणि खाली दोन्हीकडे असेल का, हे नकाशावर दाखवा. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

अनुदानाबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सुविधांसाठी प्रति किलोवॉट 18,000 रुपये अनुदान आहे, घरटी 3 किलोवॉट या हिशेबाने आणि 500 किलोवॉटच्या मर्यादेत. आपण ती रक्कम कोटेशनमध्ये वजा करून दाखवता आणि खाली बारीक अक्षरांत "शासनाच्या नियमांनुसार" असे लिहिता. अनुदानासाठी देशी बनावटीचीच पॅनेल लागतात, त्यांची किंमत वेगळी असते आणि पैसे काम पूर्ण झाल्यावर येतात. पूर्ण किंमत, अनुदान आणि ते न मिळाल्यास भार कोणाचा, या तीन गोष्टी तीन वेगळ्या ओळींत लिहा.

हा विषय आमच्या एका छोट्या तलावापुरता नाही. 50 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल तलावात 25 लाख लिटर पाणी मावते. सहा तासांत ते एकदा फिरवायचे तर तासाला चार लाख लिटरांहून जास्त पाणी गाळावे लागते, तेही रोज. दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव, बालेवाडीचे क्रीडा संकुल आणि राज्यभरातले महापालिकांचे तलाव यांच्या पंप रूमचे काम आज ना उद्या आपल्याकडेच येणार आहे. तिथे पंपाकडे न पाहता किलोवॉट ठरले, तर वाया जाणारा पैसा करदात्यांचा असेल.

आमच्या संस्थेपुरता मी एक व्यवहार सुचवतो आणि समितीची त्याला संमती आहे. पाहणी फुकट करू नका. तिचे शुल्क सांगा, काम आपल्याला मिळो न मिळो, आम्ही ते देऊ. त्या बदल्यात क्लॅम्प मीटरने मोजलेले पंपाचे अँपिअर, गेजवरचा बॅकवॉशच्या आधीचा आणि नंतरचा दाब, मोटरच्या नेमप्लेटचा फोटो, फिल्टरचा व्यास, पंप चालण्याच्या वेळा आणि ऑपरेटरशी झालेले बोलणे, हे सारे असलेला अहवाल द्या. वेग किती कमी करता येईल ते त्यात लिहा आणि किलोवॉट त्यानंतर लिहा. पंप बदलणे स्वस्त पडत असेल तर तसे सांगा, त्या सल्ल्याचेही पैसे आहेत. काम झाल्यावर पंपाला स्वतंत्र सबमीटर बसवा. एकूण रकमेतले दहा टक्के आम्ही एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवू आणि सबमीटरचा आकडा आपल्या अहवालातल्या आकड्याच्या जवळ आला की त्याच आठवड्यात देऊ. या अटींवर काम करायला जे तयार असतील, त्यांनी संस्थेच्या कार्यालयात रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत भेटावे. सचिव आणि खजिनदार दोघेही तेव्हा हजर असतात.

आपला,
व्यवस्थापन समिती सदस्य,
एक गृहनिर्माण संस्था, पुणे